बंब आपला होता, गीझर कुणाचा?

थंडी पडली की घराघरांत एक वाक्य ऐकू येतं. "अहो, गीझर नीट चालत नाहीये, जरा माणूस बोलवा ना." अहो म्हणतात, "बघू रविवारी." रविवार येतो आणि जातो. तोवर कोमट पाण्यावर आंघोळी उरकायच्या, नाहीतर शेगडीवर पातेलं चढवायचं. शेवटी एकदाचा माणूस येतो आणि दारात उभा राहून विचारतो, "साहेब आहेत का घरी?"

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्यांनी लहानपणी तांब्याचा बंब पाहिलाय त्यांनी जरा आठवून बघा. त्या बंबाची मालकीण कोण होती? आजी. पहाटे तो पेटवायचा, खालची राख काढायची, मधल्या नळीत तुराट्या नाहीतर गोवऱ्यांचे तुकडे टाकायचे. गरम पाणी काढलं की वरून तेवढंच गार पाणी ओतायचं, कारण रिकामा बंब तापला तर सांधा सुटायचा. चिंच लावून घासायचं तेही तिनंच. आणि एक दंडक होता, बंब पेटलेला असताना न्हाणीचं दार लावायचं नाही. बंब अंगणात किंवा पडवीत ठेवायचा तो काही हौसेनं नव्हे. धूर कोंडला की माणूस गुदमरतो, हे आजीला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं.

बंब गेला याचं दुःख करायला मी बसलेले नाही. डोळ्यांत जाणारा तो धूर आणि ती काळी झालेली बोटं कुणाला परत हवीत? पण गीझर आला तेव्हा एक गोष्ट आपल्या नकळत घडली. बंबाची सगळी विद्या बाईच्या हातात होती. गीझरचं फक्त बटण हातात आलं, बाकीचं फिटरकडे आणि साहेबांकडे गेलं. घरातलं पाणी भरणारी, तापवणारी, वापरणारी, सांडलं तर पुसणारी आपण. मात्र ते पाणी कुठून येतं आणि कुठल्या कॉकनं बंद होतं, हे विचारलं तर आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात, "ते ह्यांना माहीत."

एरवी हसून सोडून दिलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत जे झालं त्यानंतर हसू येत नाही.

दहावीतली मुलगी, रविवारी डोक्यावरून आंघोळीला गेली. केस लांब, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं सहज. बाथरूम लहान. खिडकीच्या काचपट्ट्या शेजारच्या गच्चीवरून दिसतं म्हणून आईनंच पुठ्ठा लावून बंद केलेल्या. गॅसचा गीझर आतल्याच भिंतीवर. आईला मग पडल्याचा आवाज आला, हाक मारली तर ओ नाही. कडी साधी होती म्हणून दोन धक्क्यांत दार उघडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरी गॅस गीझर आहे का?" ऑक्सिजन लावला, पोरगी वाचली. दर हिवाळ्यात पेपरात ज्या बातम्या येतात, त्यातल्या सगळ्याच इतक्या नशीबवान नसतात.

यात गॅस गळती झाली नव्हती, हे नीट समजून घ्यायला हवं. सिलिंडरचा गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. इथे गॅस व्यवस्थित जळत होता. पण जळायला हवा लागते. शेगडीच्या एका बर्नरपेक्षा कितीतरी जास्त गॅस गीझर एका वेळी जाळतो, आणि बंद खोलीतला प्राणवायू भराभर संपवतो. तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला ना रंग ना वास. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतं, म्हणजे श्वास चालू असतो पण शरीराला प्राणवायू पोचतच नाही. आधी डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं. मग हातपाय लुळे पडतात. कडी समोर दिसते, पण हात उचलत नाही.

एकामागोमाग चार जणांच्या आंघोळी झाल्या तर धोका शेवटच्याला सगळ्यात जास्त, कारण आधीच्यांची वाईट हवा त्याच्या वाट्याला येते. सगळ्यांचं आवरून शेवटी आंघोळीला कोण जातं, ते मी सांगायला नको.

लोडशेडिंग, कमी दाबाची वीज आणि बिलाची धास्ती यामुळे आपल्या गावांत गॅस गीझर घरोघरी गेला. त्यात चूक नाही. चूक आहे ती जागेची. या लहान गीझरना बहुतेकदा धुराडं नसतं, म्हणून तो बाथरूमच्या बाहेरच, हवा खेळती असेल तिथे हवा. फिटर आत बसवतो, कारण पाइप कमी लागतो आणि काम तासाभरात होतं. आपण तिथे उभ्या असलो तरी काही बोलत नाही. बोलायचं. "बाहेर बसवा, पाइपाचे जे काय होतील ते देईन." आणि आत बसवलेला असेल तर तो बाहेर काढेपर्यंत एवढं तरी पाळायचं, की दार उघडं ठेवून बादल्या भरायच्या, गीझर बंद करायचा, मगच आंघोळीला आत जायचं. एक्झॉस्ट फॅन आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आत हवा यायला वाटच नसेल तर पंखा बाहेर काढणार काय? लाजेसाठी लावलेला तो पुठ्ठा काढून तिथे बाहेरच्या बाजूनं तिरप्या पट्ट्या बसवून घ्या, दिसतही नाही आणि हवाही येते. ज्योत निळी हवी. पिवळी, काजळी धरणारी दिसली तर बर्नर साफ करून घेतल्याशिवाय गीझर लावायचा नाही. कुणी आत कोसळलंच तर आधी त्या माणसाला मोकळ्या हवेत आणायचं, गॅस बंद करायचा आणि १०८ ला फोन. चेहऱ्यावर पाणी मारत बसण्यात वेळ घालवू नका.

विजेचा गीझर असेल तर त्याची भाषा वेगळी. नळाला हात लावताच चुणचुणलं तर "जरासाच करंट येतो" म्हणून चालवून घ्यायचं नाही. तिथल्या तिथे मेन स्विच बंद करून वायरमन बोलवायचा आणि अर्थिंग तपासायला सांगायचं. गीझरच्या सेफ्टी वाल्वमधून थेंब थेंब पाणी येतं म्हणून तो बुच मारून बंद करणारे महाभागही असतात. कुकरच्या शिटीत काडी खोचण्यासारखंच आहे ते. बोअरचं पाणी असलेल्या गावांत तर टाकीत आणि कॉइलवर क्षाराचा थर बसतो, पाणी तापायला वेळ लागतो, आणि वाढलेलं बिल बघून आपण मीटरला दोष देतो. दोन हजार वॅटचा गीझर तासभर चालला की दोन युनिट जळतात, हा हिशेब स्वतः करून बघा. ठरावीक मुदतीनं टाकी उघडून साफ करून घेणं याहून स्वस्त पडतं.

राहिला गळका नळ. चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात आपण भांड्या-भांड्यांत पाणी साठवतो, आणि गळक्या नळाचं पाणी मात्र रात्रभर मोरीत जातं. एकदा खाली बादली ठेवून सकाळी बघा किती भरते ते. बहुतेक वेळा आतला वायसर झिजलेला असतो, बस्स. कॉक बंद करायचा, पान्यानं नळाचं डोकं सोडवायचं, जुना वायसर दुकानात नेऊन त्याच मापाचा नवा आणायचा. पुरणयंत्राची जाळी बसवता येणाऱ्या बाईला हे जमत नाही, असं मी मानायला तयार नाही.

आणि "बायकांचं काम नव्हे" म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण ठेवते. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत महिला समाख्या या सरकारी कार्यक्रमातून खेड्यातल्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. बहुतेक दलित आणि आदिवासी, अनेकींना अक्षरओळखही नव्हती. जमिनीखालचे जड पाइप त्यांनी वर खेचले, सुटे भाग ओळखायला त्या शिकल्या. आपल्याला तर फक्त न्हाणीघराची ओळख करून घ्यायची आहे.

सगळं स्वतःच करा असं माझं म्हणणं नाही. विजेचं आणि गॅसचं काम जाणकारानंच करावं. पण तो काम करत असताना चहा ठेवायला आत जाऊ नका. तिथे उभं राहा, विचारा. बदललेला जुना भाग मागून घ्या.

गल्लीतल्या त्या वहिनींनी पुढच्याच आठवड्यात फिटरला बोलावून गीझर मागच्या अंगणात काढून घेतला. त्यानं आधी विचारलंच, "साहेबांना विचारलंत का?" वहिनी म्हणाल्या, "गीझर मी लावते, तर मलाच विचारा." काम होईपर्यंत त्या स्टूल घेऊन शेजारी बसल्या होत्या. परवा त्यांच्या गच्चीवरची टाकी वाहू लागली तेव्हा त्याच फिटरला फोन गेला. तो म्हणाला, "वहिनी, मी तासाभरात येतो. तोवर जिन्याखालचा मेन कॉक बंद करून ठेवता का?"

त्या म्हणाल्या, "केव्हाच केलाय. येताना बॉल कॉक घेऊन या, अर्ध्या इंची."