धूळ मोजली जाईल. पण नोंद कोणाची?

गुजरातमधील गोध्रा परिसरात गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत मजुरीस गेलेले मध्य प्रदेशातील अलीराजपूर, झाबुआ व धार या जिल्ह्यांतील आदिवासी सिलिकोसिसने एकामागून एक दगावले. त्यांपैकी 238 जणांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिला. मूळ याचिका 2006 ची होती. हंगामापुरते परराज्यात जाणाऱ्या मजुराजवळ नोकरीचा कागद क्वचितच असतो, आणि किती धूळ छातीत गेली याचा पुरावा तर मुळीच नसतो. अंगावर बाळगता येतील अशी स्वल्पमूल्य धूळमापके आता उपलब्ध होत असल्याने ही उणीव भरून निघेल काय, हा प्रश्न विचारणे प्राप्त झाले आहे.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. तो अर्थशास्त्राचाही आहे. अप्रिय व धोक्याच्या कामास अधिक वेतन मिळते, असे ॲडम स्मिथने 1776 मध्येच सांगून ठेवले. तथापि धोका ठाऊक असेल तरच त्याची किंमत मागता येते. सिलिकाचे घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि रोग बहुधा कित्येक वर्षांनी प्रकट होतो. मालकाला थोडे कळते, मजुराला काहीच कळत नाही. अशा सौद्याला मुक्त करार म्हणणे ही शुद्ध फसवणूक होय. मोजमाप हा म्हणूनच न्याय्य सौद्याचा पहिला आधार ठरतो.

कायद्याने हे तत्त्व मान्य केलेले आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन कामाच्या जागेतील सिलिकासह अनेक घातक द्रव्यांच्या मर्यादा ठरविण्यात आल्या. परंतु मर्यादा ओलांडली गेली की नाही हे पाहण्यासाठी श्वासाच्या पातळीवरील हवेचा नमुना घ्यावा लागतो, तो प्रयोगशाळेत तपासावा लागतो. खर्चाच्या या कामास लहान दगडखाणीत वा खडी केंद्रावर कोण हात घालणार?

स्वस्त यंत्राचे आकर्षण येथेच आहे. तथापि त्याच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. अशी बहुतेक यंत्रे कणांवर पडून विखुरणाऱ्या प्रकाशावरून धुळीचा अंदाज बांधतात. ती धूळ सिलिकाची की साध्या मातीची, हे त्यांना सांगता येत नाही. हवा दमट झाली की आकडा फुगतो. त्यामुळे कायदेशीर चाचणीची जागा ती घेऊ शकत नाहीत. कोणत्या कामात, दिवसाच्या कोणत्या प्रहरी धूळ उसळते एवढे मात्र ती दाखवू शकतात, आणि पाण्याचा फवारा किंवा धूळ ओढून घेणारा पंखा नेमका कोठे बसवावा हे ठरविण्यास तेवढेही पुष्कळ आहे.

खरी अडचण यंत्राची नसून नोंदीच्या मालकीची आहे. अमेरिकेतील कोळसा खाणींत धुळीचे नमुने खाणमालकच घेत असत. त्या नमुन्यांत फेरफार केल्याचा आरोप तेथील श्रम खात्याने 1991 मध्ये सुमारे 500 कंपन्यांवर ठेवला. पुढे त्यांतील पुष्कळसे आरोप टिकले नाहीत. परंतु नोंदीवरील विश्वास उडाला तो उडालाच. 2016 पासून तेथील भूमिगत खाणींत अधिक धुळीची कामे करणाऱ्यांसाठी पाळी चालू असतानाच आकडा दाखविणारे यंत्र सक्तीचे झाले. ते महाग आहे; पण आकडा प्रथम खाणकामगाराच्या डोळ्यांसमोर येतो, हे त्याचे मोल.

आपल्याकडेही याहून जुना व चांगला धडा उपलब्ध आहे. क्ष-किरण विभागात काम करणारे तंत्रज्ञ छातीवर एक लहानसा बिल्ला लावतात. ठराविक मुदतीनंतर तो मालकाच्या कपाटात न राहता मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो, आणि किरणोत्साराच्या मात्रेची नोंद तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या राष्ट्रीय नोंदवहीत होते. नोकरी बदलली तरी नोंद त्या व्यक्तीच्या नावे पुढे चालते. बिल्ला किरणांना अडवीत नाही. तो साक्ष देतो, आणि ती साक्ष त्रयस्थाच्या हाती असते.

इस्पितळातील तंत्रज्ञाला जे मिळते ते खडी फोडणाऱ्याला का मिळू नये? धूळमापक देताना तीन अटी घातल्या पाहिजेत. आकडा कामगाराला त्याच दिवशी, त्याच्या भाषेत कळावा. नोंदीची प्रत त्रयस्थ सरकारी यंत्रणेकडे राहून ती राज्याची सीमा ओलांडूनही कामगारामागे जावी. आणि त्याच यंत्राने त्याची हालचाल किंवा विश्रांती मोजून मजुरी कापण्यास कायद्याने बंदी असावी. शेवटची अट गौण नाही. मालकाच्याच हाती राहिलेले यंत्र मुकादमाचे काम करू लागण्यास वेळ लागत नाही.

या अटींवाचून यंत्रे वाटली गेली, तर मजुराच्या छातीवर एक उपकरण तेवढे वाढेल. छातीतील धूळ मात्र तशीच राहील, आणि पुढच्या याचिकेच्या वेळीही पुरावा मजुराजवळ नसेल.