तपासणीला पैसे भरण्यापूर्वी



या पानाकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. मूल तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही. किंवा मुलगा दुसरीत आहे, वर्गात एका जागी बसत नाही, आणि बाईंनी वहीत लिहून पाठवले आहे की 'खासगीत तपासणी करून रिपोर्ट आणा.' नवरा रिक्षा चालवतो, बायको चार घरची कामे करते. तपासणीची फी ऐकून दोघेही गप्प झालेले असतात. कर्ज काढावे का, मंगळसूत्र गहाण ठेवावे का, असे पत्रात विचारलेले असते. आणि अगदी शेवटी, एका ओळीत, आई विचारते : 'आमचे काही चुकले का?'

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आधी देतो. नाही, तुमचे काही चुकलेले नाही.

स्वमग्नता, म्हणजे ज्याला डॉक्टर ऑटिझम म्हणतात, आणि अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, या दोन्ही गोष्टी मेंदूच्या वाढीशी संबंधित आहेत. स्वमग्न मुलाला बोलणे, नजरेला नजर देणे, इतर मुलांत मिसळणे अवघड जाते. एकच हालचाल किंवा एकच खेळ ते पुन्हा पुन्हा करते, मोठ्या आवाजाने घाबरते. अतिचंचल मुलाचे लक्ष टिकत नाही, हातपाय थांबत नाहीत, विचार करण्याआधी कृती होऊन जाते. काही मुलांत दोन्ही असतात. लाड केल्याने, मार न दिल्याने किंवा आई कामावर गेल्याने हे होत नाही.

आईला दोष देण्याची सवय मात्र जगभर आहे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांचे निरीक्षण करून स्वमग्नतेवर पहिला मोठा लेख लिहिला. पुढे तिकडच्या काही नामवंत तज्ज्ञांनी 'आईची माया कमी पडते म्हणून असे होते' असा सिद्धांत पसरवला, आणि अनेक वर्षे हजारो आया तो आरोप सोसत राहिल्या. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून त्या सिद्धांतावर घाव घातला. त्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. लसीमुळे असे होते, ही दुसरी अफवा. १९९८ साली इंग्लंडमध्ये छापून आलेल्या ज्या लेखातून ती उठली, तो लेख 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. तेव्हा मुलांच्या लशी चुकवू नका.

आपल्याकडे हाच आरोप 'मागच्या जन्मीचे भोग' या नावाने येतो. शेजारीण म्हणते, सासू म्हणते, आणि कधी कधी धम्मदीक्षा घेऊन दोन पिढ्या झालेल्या घरातूनही भगताकडे नेण्याची गोष्ट निघते. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागील जन्मीच्या कर्माची कल्पना तपासून बाजूला सारली आहे. गरिबाच्या दुःखाचा दोष गरिबावरच टाकणारी ती कल्पना आहे, हे त्यांनी ओळखले होते. ज्या कल्पनेने आपल्या आजा-पणज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, तीच कल्पना आपण आपल्या लेकराच्या कपाळावर चिकटवणार काय? कारण शोधा, तपासा, मगच माना, असे कालामांना सांगणाऱ्या तथागताचे आपण अनुयायी आहोत. म्हणून तपासणी करायचीच. ती कोठे आणि कशी, एवढाच प्रश्न आहे.

आधी काय करावे

मूल हाकेला ओ देत नसेल तर सर्वांत आधी कान तपासून घ्या. ऐकू कमी येणारे मूलही बोलत नाही आणि वळून पाहत नाही. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग ही केंद्र सरकारची वाचा व श्रवण संस्था आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांतही कानाची तपासणी होते. शाळेतल्या मुलाचे डोळेही तपासा. फळ्यावरचे दिसत नसलेले मूल वर्गात चुळबुळ करणारच.

दुसरे, २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा पथकाने यायचे असते. ते पथक आले तेव्हा आपले मूल हजर होते का, याची चौकशी करा. वाढीत अडचण दिसली तर मुलाला जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. मुंबईकरांना केईएम, नायर, सायन आणि जे. जे. ही रुग्णालये आहेतच. तेथील बालरोग व मनोविकार विभागात केसपेपर काढून सुरुवात करता येते.

मग खासगीत लोक का जातात? कारण सरकारी रुग्णालयात पुढची तारीख मिळते, एका तारखेला एक रोज बुडतो, आणि मूल मात्र रोज वाढत असते. ज्याला झेपते त्याने खासगीत जाण्यात कमीपणा नाही, आणि ज्याला झेपत नाही त्याने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. आमचे सांगणे इतकेच की सरकारी तारीख आधी लावून ठेवा, खासगीत गेलात तरी ती सोडू नका. ती का सोडू नये, ते पुढे येईल.

खासगीत काय विचारावे

फी भरण्यापूर्वी विचारायला लाजू नका. भाजी घेताना आपण चार गोष्टी विचारतो, येथे तर महिन्याचा पगार मोजायचा आहे.

तपासणी कोण करणार? मनोविकारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ असेल तर त्यांची वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झाली आहे. नोंदणी क्रमांक मागितला तर प्रामाणिक माणूस रागावत नाही.

एकूण किती बैठका आणि सर्व मिळून फी किती? पहिल्या दिवसाची फी वेगळी, चाचणीची वेगळी, रिपोर्टची वेगळी असे नंतर निघू नये. लेखी रिपोर्ट सही-शिक्क्यासह मिळेल का, आणि तो मराठीत समजावून सांगाल का, हेही विचारा. पावती घ्या.

चाचणी कोणत्या भाषेत? घरी वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजीत प्रश्न विचारले, कधी न पाहिलेल्या वस्तूंची चित्रे दाखवली, तर ते चुकणारच. मुलाच्या भाषेत चाचणी घेण्याचा आग्रह धरा.

खरी तपासणी दहा मिनिटांत होत नाही. गरोदरपणापासूनची माहिती विचारतात, मुलाला खेळताना पाहतात, घरच्यांकडून आणि शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घेतात. रक्त तपासून किंवा मेंदूचा फोटो काढून स्वमग्नता कळत नाही. फिट येते अशा कारणाने एखादी तपासणी सांगितली असेल तर ते कारण विचारून घ्या. आणि 'सहा महिन्यांत पूर्ण बरा करू', 'स्टेम सेलने बरा करू' असे कोणी म्हटले, तर चप्पल घालून बाहेर पडा. असा कोणताही इलाज सिद्ध झालेला नाही.

अतिचंचलतेबाबत एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. ती ठरवताना लक्षणे किमान सहा महिने असावीत, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत आणि एकाहून अधिक ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेतही, दिसावीत असा नियम आहे. मूल घरी नीट, शिकवणीत नीट, आणि एकाच बाईंच्या वर्गात 'मठ्ठ' आणि 'वांड' ठरत असेल, तर त्या वर्गाचीही चौकशी झाली पाहिजे. आपल्या मुलांना शेवटच्या बाकावर बसवून 'ढ' ठरवणाऱ्या शाळा आपण पाहिल्या आहेत. चांगला तज्ज्ञ ही बाजूही ऐकून घेतो. त्याला ती सांगा.

रिपोर्ट वेगळा, प्रमाणपत्र वेगळे

सरकारी तारीख सोडू नका असे आम्ही म्हटले ते यासाठी. खासगी रिपोर्टमुळे मुलाला काय अडचण आहे ते समजते आणि उपचाराची दिशा मिळते. पण कायद्याच्या सवलती त्या कागदावर मिळत नाहीत. त्यासाठी सरकारने नेमलेल्या वैद्यकीय मंडळाचे दिव्यांग प्रमाणपत्र लागते. ते सरकारी रुग्णालयात मिळते. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा असतो आणि त्यावरूनच यूडीआयडी कार्ड निघते. घरात कोणाला भरता येत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या शेजारच्या पोराला सांगा. खासगी रिपोर्ट असल्यास सोबत न्यावा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आहे आणि लिहिण्या-वाचण्याची विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. नुसती अतिचंचलता त्या यादीत नाही. म्हणून अतिचंचल मुलाला वाचन-लेखनाचीही अडचण असेल तर तीही तपासून घ्यावी. स्वमग्नतेसाठी ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात. अक्षमता ४० टक्के किंवा अधिक ठरली तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. शासनमान्य शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, असेही हा कायदा सांगतो. स्वमग्न मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते.

काही पालक लिहितात, 'आमच्या लेकराला एक शिक्का आधीच आहे, आता दुसरा कशाला?' ही भीती आम्हाला कळते. पण कागदाची किंमत आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. धम्म स्वीकारला म्हणून केंद्राच्या सवलती गेल्या, आणि त्या परत मिळवायला १९९० साल उजाडावे लागले. तोवर किती मुलांचे शिक्षण अडले! जातीचा दाखला आपण जसा प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो, तसेच हे प्रमाणपत्रही जपा. ते केव्हा दाखवायचे आणि कोणाला, हे तुम्ही ठरवा.

पुढचे काम घरात आणि विहारात

रिपोर्ट हातात आला म्हणजे काम संपले नाही. बोलण्याचा सराव, हातांच्या हालचालींचा सराव, वागणुकीचे प्रशिक्षण हे जितके लवकर सुरू होईल तितके चांगले. तज्ज्ञाकडून घरी करण्याच्या गोष्टी शिकून घ्या, कारण आठवड्यातल्या एका तासापेक्षा घरातले रोजचे अर्धे तास मोठे असतात. अतिचंचलतेवर औषध लागले तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच द्यावे, आणि मनाने बंद करू नये. आणि बाबांनो, हे एकट्या आईचे काम नाही. एका तारखेला तुम्हीही रजा काढा.

विहारातील महिला मंडळांना आमची विनंती आहे. ज्या आईला मोठ्या मुलाला घेऊन रुग्णालयात जायचे आहे, तिच्या धाकट्याला त्या दिवशी कोणीतरी सांभाळा. रांगेत उभे राहायला एक माणूस सोबत द्या. आणि रविवारच्या वंदनेत एखादे मूल मध्येच ओरडले, धावले, तर त्याच्या आईकडे वळून पाहू नका. थोडे सरकून तिला बसायला जागा द्या.

जयभीम.