पाच किलो ज्वारीचा गुन्हा

१/ घरी बीअर करायची, तर बुलढाणा जिल्ह्यात स्वस्त धान्य ठोक भावात कुठे मिळेल? एखाद्या तरुणाने हा प्रश्न विचारला की दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले : "हे आपल्या संस्कृतीत बसत नाही." दुसरे : "दारू इंग्रजांनी आणली." दोन्ही उत्तरे मोठ्या आत्मविश्वासाने दिली जातात आणि दोन्ही इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत. वाचकहो, हा धागा त्या दोन उत्तरांविरुद्ध आहे.

२/ आधी प्रश्नाचे सरळ उत्तर. वीस लिटर बीअरला साधारण चार ते पाच किलो धान्य लागते. २०२४-२५ या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,३७१ रुपये होता. म्हणजे पाच किलोचे सुमारे १७० रुपये. खामगाव, मलकापूर, नांदुरा येथे धान्याच्या बाजारपेठा आहेत. जवाचा माल्ट मात्र महाग पडतो, कारण जव प्रामुख्याने राजस्थान, उत्तर प्रदेशात पिकते आणि माल्ट तयार होऊन इकडे येईपर्यंत त्यावर प्रक्रिया, वाहतूक व दलाली चढते.

३/ "ज्वारीची कुठे बीअर होते का?" होते. आफ्रिकेत ती पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. १९८८ साली नायजेरियाने जवाची आयात थांबवली, तेव्हा तेथील मोठमोठे कारखाने ज्वारीकडे वळले. ज्वारी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची आणि कोंब चोळून काढून टाकायचे. कोंब काढणे आवश्यक, कारण त्यांत सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते. कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात ती याच कारणाने, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

४/ तेव्हा धान्य आहे, भाव परवडणारा आहे, कृती अवघड नाही. अडचण वेगळीच आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाच्या कलम ६५ प्रमाणे परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. त्या हेतूने साहित्य वा भांडी बाळगणे हाही गुन्हाच. आंबवणे आणि गाळणे या दोन अगदी निराळ्या क्रिया. आंबवलेल्या पेयात मद्यार्क थोडा, गाळलेल्यात कितीतरी अधिक. घरच्या रांजणाला आणि जंगलातल्या भट्टीला हे कलम मात्र एकाच मापाने मोजते.

५/ आता "संस्कृती". वैदिक सौत्रामणी यागात सुरा लागे. ती करण्यासाठी मोड आलेला तांदूळ, मोड आलेले जव आणि लाह्या वापरल्याचे वर्णन ब्राह्मणग्रंथांत आहे. मोड आणलेले धान्य म्हणजेच माल्ट. ज्याला आपण आज परदेशी छंद म्हणतो, त्याची मूळ कृती आपल्या यज्ञवेदीपाशी नोंदलेली आहे. हे मद्याचे समर्थन नव्हे. पण "आपल्याकडे नव्हतेच" हे विधान खोटे आहे, एवढे यातून सिद्ध होते.

६/ त्याहून मोठा साक्षीदार कौटिल्य. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील पंचविसावा अध्याय सुराध्यक्षाच्या कामाचा आहे. त्यात पाककृती मापांसह दिल्या आहेत : मेदकासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ, तीन प्रस्थ किण्व. कौटिल्य काही उदार मनुष्य नव्हे. मद्यविक्रीवर त्याने राज्याची मक्तेदारी ठेवली आणि राजेतर मालावर शेकडा पाच शुल्क लावले. कोषाची चिंता त्याच्याएवढी कोणी वाहिली नसेल.

७/ पण हाच कौटिल्य त्याच अध्यायात गृहस्थांना सूट देतो. कार्यप्रसंगी घरची श्वेतसुरा करावी, औषधासाठी अरिष्ट करावे. उत्सव, मेळे, यात्रा यांसाठी चार दिवस मोकळीक द्यावी. विक्री राज्याची आणि घरचा रांजण घराचा, ही रेषा त्याने आखली होती. ही रेषा कोणी पुसली, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

८/ "इंग्रजांनी दारू आणली" असे म्हणणाऱ्यांनी निदान 'अबकारी' हा शब्द पाहावा. तो फारसी आहे; मद्यावरचा कर इंग्रजांच्या आधीचा आहे. इंग्रजांनी आणली ती केंद्रीकरणाची व्यवस्था. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती परवान्याखाली आली, ताडाच्या झाडांवर करआकारणी झाली. निर्मिती मोजक्या भट्ट्यांत आणि विक्री ठेकेदारांच्या हाती एकवटली, म्हणजे महसूल मोजणे सोपे.

९/ तरी घरोघर आंबवणे थांबेना. तेव्हा सरकारने कच्च्या मालावरच हात टाकला. १८९२ च्या 'म्हवरा कायद्या'ने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर निर्बंध आले. मोह हे आदिवासींचे अन्नही होते, हे ठाऊक असून. मद्य थांबवणे हा हेतू असता तर सरकारी परवान्याची दुकानेही बंद झाली असती. ती चालूच राहिली.

१०/ आणि याच साम्राज्याच्या राजधानीत काय होते? १८८० साली ब्रिटनने माल्टवरचा कर काढून बीअरवर कर लावला, तरी परवाना घेऊन घरच्यापुरती बीअर करण्याची वाट खुली ठेवली. १९६३ साली परवान्याची अटही गेली. जपानने १८९९ साली घरगुती मद्यनिर्मिती बंद केली, तीही करासाठीच. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली, पण घरच्या बीअरला केंद्रीय कायद्याची मोकळीक मिळायला १९७८ साल उजाडले : प्रौढ व्यक्तीमागे वर्षाला १०० गॅलन, कुटुंबाला २००.

११/ बुलढाणा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. १८५३ पासून निजामाचे वऱ्हाड इंग्रजी कारभाराखाली होते आणि १९०३ पासून ते मध्यप्रांताला जोडलेले होते. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा पुढे वऱ्हाडालाही लागू झाला. तोच आजचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. जळगाव जामोद, संग्रामपूर भागातील सातपुड्याच्या आदिवासी पाड्याला आज लागू असलेली चौकट अशी मुंबईहून आलेली आहे.

१२/ "मग महात्मा फुले दारूच्या विरोधात नव्हते का?" होते, आणि त्यांचा विरोध नीट वाचावा. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. त्यांचा रोख शहरात परवान्याने उघडत जाणाऱ्या गुत्त्यांवर होता. सरकारचे उत्पन्न वाढते आणि प्रजेची घरे बुडतात, ही त्यांची तक्रार आजच्या महसूल खात्यालाही तशीच लागू पडते.

१३/ याच राज्यकर्त्यांचे धान्यप्रेम २००७ साली दिसले. ज्वारी, बाजरी, मका यांपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे दहा रुपये सवलतीचे धोरण आले. हिशेब करा. क्विंटलभर ज्वारीतून साधारण ३७ ते ४० लिटर मद्यार्क निघतो, म्हणजे क्विंटलमागे सुमारे ३७० ते ४०० रुपये. त्या हंगामात ज्वारीचा हमीभाव होता ६०० रुपये. पिकवणाऱ्याला सहाशे आणि गाळणाऱ्याला वर चारशे. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी याला कडाडून विरोध केला, तो योग्यच होता.

१४/ आक्षेप पहिला : अन्नाची दारू करणे पाप आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळाची आठवण ज्या वऱ्हाडाने पिढ्यान्‌पिढ्या जपली, तेथे हा आक्षेप हलका मानता येत नाही. पण मग तो टनावारी धान्य गिळणाऱ्या कारखान्याला आधी लागू करा. परवाना असलेल्या कारखान्याला अनुदान द्यायचे आणि पाच किलोच्या रांजणावर गुन्हा नोंदवायचा, या व्यवहाराला अन्नाची चिंता म्हणत नाहीत.

१५/ आक्षेप दुसरा अधिक गंभीर : दारूने घरे उद्ध्वस्त होतात आणि मार बाईला बसतो. हे निर्विवाद सत्य आहे. म्हणूनच गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला मत दिले तर दुकान बंद करण्याची तरतूद झाली. ती स्त्रियांनी लढून मिळवली आहे आणि तिला धक्का लागता कामा नये. घरगुती निर्मितीची मुभा द्यायची तर तीही या मताच्या कक्षेत आणा. गावाने नाही म्हटले, तर रांजणही नाही.

१६/ तेव्हा मागणी मर्यादित आहे. विक्री नाही, गाळणे नाही. केवळ आंबवलेले, घरापुरते, ठरावीक मापाचे पेय करण्यास साधा परवाना आणि तोही गावाच्या संमतीने. सातपुड्यातील आदिवासींच्या सणासमारंभाला त्यातून पहिली सूट. तोवर कायदा आहे तो आहे. कोणी तो मोडावा असे माझे म्हणणे नाही. परंतु तो का आहे, हे तरी खरे सांगावे.

१७/ बुलढाण्याच्या त्या तरुणाला उत्तर द्यायचे तर असे द्यावे : ज्वारी खामगावात मिळेल, २०२४-२५ च्या हमीभावाने पाच किलोचे सुमारे १७० रुपये होत होते. जी गोष्ट मिळणार नाही, ती कौटिल्याने गृहस्थाला दिली होती आणि १८७८ नंतरच्या महसुली व्यवस्थेने ती काढून घेतली. "संस्कृती"चे नाव पुढे करून तो हिशेब झाकू नका. मतभेद असल्यास अवश्य मांडा. साल आणि कलम सांगून मांडा, म्हणजे आपण सगळेच काही शिकू.