स्त्रीमुक्ती दिनी आईलाही सुटी हवी

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. म्हणून हा दिवस आपण भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतो. नाताळची सुटी असते, हवा थंड असते. मुंबईतली आपली कुटुंबे मुलांना घेऊन बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी पाहायला जातात. फार चांगली गोष्ट. पण पहाटे चारला उठून पुऱ्या कोण तळते? रात्री परतल्यावर डबे कोण घासते? मुक्तीदिनी घरची बाई दुप्पट राबत असेल, तर मुक्ती कोणाची झाली?

सहल ही चैन नाही. कोंदट खोलीत राहणाऱ्यांना मोकळी हवा, ऊन आणि चालणे औषधासारखेच लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशी बाई अपुऱ्या झोपेने लेण्यांच्या पायऱ्या चढली, तर तिला धाप लागणारच.

माझे म्हणणे सोपे आहे. २४ तारखेला संध्याकाळी घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी मिळून नाचणीची बिस्किटे करावीत. ओव्हन लागत नाही. एक वाटी नाचणीचे पीठ, एक वाटी कणीक, पाऊण वाटी किसलेला गूळ, अर्धी वाटी तूप, पाव चमचा खाण्याचा सोडा. लागेल तसे दूध घालून घट्ट मळा. जाड कढईत मिठाचा थर देऊन वर कडे ठेवा, झाकून दहा मिनिटे तापवा. ताटलीत बिस्किटे मांडून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे भाजा. गार झाल्यावर ती खुसखुशीत होतात. भाजताना दार-खिडकी उघडी ठेवा. शेगडी पेटवून दार लावून घेणे तर जिवावर बेतते.

१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मैद्यात त्याच्या पासंगालाही नसते. तरी गूळही साखरच, म्हणून मधुमेह असणाऱ्यांनी एखादेच खावे. आणि बिस्किटाने रक्तक्षय जात नाही. आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. सोबत पेरू किंवा आवळा खा, पण गोळीबरोबर चहा नको.

आणखी एक. स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने बायका-मुली बाहेर पाणीच पीत नाहीत आणि पुढे लघवीच्या जळजळीने हैराण होतात. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत आणि बहुतेकांशेजारी खडकात खोदलेली पाण्याची पोढी आहे. भिक्खूंनी पाण्याची सोय आधी पाहिली. आपणही पोचताच स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारावे, घाण असेल तर तक्रार करावी आणि मुलींना पोटभर पाणी पिऊ द्यावे.

डबा स्टीलचा घ्या, तिथे माकडे पिशव्या ओढतात. सोमवारी उद्यान बंद असते, म्हणून वार पाहून निघा.

लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्या उपासिका आणि भिक्खुणींचा उल्लेख आहे. तो मुलींना आवर्जून दाखवा. त्या वेळी त्यांची आई शेजारी निवांत बसलेली असू द्या, डबे आवरत नको.

जय भीम.