चुंबक केवळ टनांत मोजून भागणार नाही

चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये व त्यांपासून घडणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आणि काही महिन्यांतच आपल्याकडील विद्युत वाहन उद्योगाला त्याची झळ बसली. या चुंबकांना सारे जग ‘निओडिमियम चुंबक’ म्हणून ओळखते. परंतु त्या सात नावांत निओडिमियम नव्हतेच. होती ती डिस्प्रोशियम, टर्बियम, समेरियम अशी नावे. चीनने नेमक्या याच जागी बोट का ठेवले, हे समजून घेतल्याशिवाय आपल्या उपाययोजनांचे मोल करता येणार नाही.

निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्या या संयुगात चुंबकाचा जोर प्रामुख्याने लोहाचा असतो. पण लोहाला दिशेचा आग्रह फारसा नसतो. तो आग्रह निओडिमियम पुरवते. त्याच्या अणूतील इलेक्ट्रॉनांचा मेघ वाटोळा नसतो. त्यामुळे स्फटिकातील विद्युत क्षेत्रात तो एका ठरावीक अक्षाशी जखडला जातो आणि लोहाच्या चुंबकत्वालाही त्याच अक्षावर धरून ठेवतो. या दिशानिष्ठेलाच शास्त्रज्ञ ‘ॲनिसोट्रॉपी’ म्हणतात. ती नसेल तर कितीही जोरदार चुंबक विरुद्ध क्षेत्रापुढे मान टाकील.

ही निष्ठा अढळ नसते. ती तापमानागणिक बदलते. निओडिमियमचे संयुग १३५ केल्विनच्या, म्हणजे उणे १३८ अंश सेल्सिअसच्या खाली नेले की चुंबकत्वाची दिशा मूळ अक्षापासून ढळू लागते आणि अतिशीत अवस्थेत सुमारे ३० अंशांनी कलते. यालाच ‘स्पिन रीओरिएंटेशन’, म्हणजे फिरकीचे दिशांतर म्हणतात. प्रेझिओडिमियमच्या तशाच संयुगात हे दिशांतर घडत नाही. म्हणूनच द्रवरूप नायट्रोजनाच्या तापमानाला चालणाऱ्या सिंक्रोट्रॉनच्या उपकरणांत त्याला पसंती मिळते. एका मूलद्रव्याच्या जागी त्याचे शेजारी आले की सारा स्वभाव पालटतो, तो असा.

वाहनाच्या मोटारीत अडचण उलट टोकाची असते. तिथे तापमान दीडशे अंश सेल्सिअसच्या घरात जाते, निओडिमियमची पकड सैल होते आणि मोटारीचेच विरुद्ध क्षेत्र चुंबकत्व पुसून टाकू शकते. त्यावरचा उतारा म्हणजे डिस्प्रोशियम किंवा टर्बियम. प्रमाण थोडे, पण पकड घट्ट. डिस्प्रोशियमची दिशा लोहाच्या विरुद्ध असल्याने एकूण जोर काहीसा घटतो, तरीही उष्णतेत टिकण्यासाठी ही किंमत मोजावी लागते. चीनने अडवली ती हीच चिमूट.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २६ नोव्हेंबर २०२५ रोजी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन चुंबकांची निर्मितिक्षमता हे तिचे उद्दिष्ट आहे. ती स्वागतार्हच आहे. मात्र आपल्या किनारी वाळूतील मोनाझाइटमध्ये निओडिमियमसारखी हलकी मूलद्रव्ये पुरेशी असली, तरी डिस्प्रोशियम व टर्बियम नगण्य आहेत. खाणीपासून चुंबकापर्यंतची साखळी देशात उभारली, तरी तिची एक कडी बाहेरच राहते. म्हणून टनांबरोबरच किती तापमानाला टिकणारे चुंबक घडले, हाही निकष हवा. डिस्प्रोशियम साऱ्या चुंबकात न मिसळता कणांच्या सीमांवरच मुरवण्याचे तंत्र जगात रुळले आहे. त्यात प्रावीण्य मिळवणे आणि टाकाऊ मोटारींतून ही मूलद्रव्ये परत काढणे, या दोन्ही वाटा आपल्याला खुल्या आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि हैदराबादची संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळा यांच्या तंत्रावर विशाखापट्टणम येथे समेरियम-कोबाल्ट चुंबकांचा प्रकल्प उभा राहिला आहे. वर्षाला ३,००० किलो ही त्याची क्षमता लहान आहे, पण ज्ञान आपल्या हाताशी आहे, याची ती साक्ष आहे.

ज्ञान हातचे जाऊ देण्याची किंमत अमेरिकेने मोजली आहे. १९८३ मध्ये जपानचे मासातो सागावा आणि अमेरिकेची जनरल मोटर्स यांनी हे चुंबक स्वतंत्रपणे जगापुढे आणले. पुढे १९९५ मध्ये जनरल मोटर्सचा चुंबक विभाग विकला गेला, विकत घेणाऱ्यांत चिनी कंपन्या होत्या आणि कालांतराने त्याचे उत्पादन चीनला गेले.

गोव्याला हा धडा नवा वाटू नये. मांडवी-जुवारीतून बार्जी भरभरून आपले लोहखनिज मुरगावला गेले, तिथून आधी जपानला आणि नंतर चीनला रवाना झाले. त्याचे पोलाद मात्र तिकडे घडले. माती आपली आणि मोल दुसऱ्याचे, हा हिशेब आपण जवळून पाहिला आहे. मोनाझाइटच्या बाबतीत त्याची पुनरावृत्ती टाळायची, तर कारखान्यांइतकाच पैसा आणि त्याहून अधिक धीर प्रयोगशाळांसाठी राखून ठेवावा लागेल.