काळीज नेमके कोठे असते?

वर्षभर या सदरात आपण शब्दांच्या खोड्या काढत असतो. दिवाळी अंकात पाने जरा सैल मिळतात, तेव्हा या खेपेस शब्दांचे बोट धरून थेट शरीरातच शिरू या. लेखक मराठीचा मास्तर आहे, डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

मटणाच्या दुकानात ‘कलेजी द्या’ म्हणा. दुकानदार तुमच्या हाती यकृत ठेवील. आपले ‘काळीज’ याच कलेजीचे सख्खे भावंड. पण मराठी माणसाचे काळीज धडधडते, त्याचा ठोका चुकतो, प्रसंगी ते सुपाएवढेही होते! यकृत बिचारे जन्मात कधी धडधडत नाही. ते उजव्या बरगड्यांखाली मुकाट्याने काम करते आणि वजनाने चांगले दीड किलो भरते. धडधडते ते हृदय. मुठीएवढे, फार तर तीनशे ग्रॅमचे, छातीच्या मधल्या हाडामागे, टोक तेवढे डावीकडे कललेले.

या घोटाळ्याबद्दल मराठीला हसू नका. गेलन नावाचा दुसऱ्या शतकातला थोर ग्रीक वैद्य शिकवीत असे की, अन्नापासून रक्त यकृतात तयार होते आणि शरीरभर जाऊन तेथेच खर्ची पडते. युरोपने हे शेकडो वर्षे प्रमाण मानले. अखेर १६२८ साली विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने साधा गुणाकार मांडला. एका ठोक्याला हृदयातून किती रक्त बाहेर पडते आणि अर्ध्या तासात ठोके किती? उत्तर साऱ्या शरीरातल्या रक्ताहून मोठे आले. एवढे रक्त कोणत्या जेवणातून निघणार? तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे! आजच्या मापाने, स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते, आणि अंगात एकूण रक्तही साधारण तेवढेच. दिवसाचे ठोके लाखाच्या घरात जातात.

काळजाचा घोटाळा कवितेत खपून जातो. ‘पित्ता’चा मात्र महागात पडतो. (वैद्यांच्या त्रिदोषांतले पित्त निराळे, त्यात मी शिरत नाही.) यकृतात तयार होणारे पित्त कडू, हिरवट-पिवळे असते. ते पित्ताशयात साठते आणि आतड्यात उतरून तुपातेलाचे पचन सोपे करते. चकल्या-करंज्यांवर आडवा हात मारल्यावर घशाशी जे आंबट येते, ते बहुधा जठरातले आम्ल. घरोघरी त्यालाच आपण पित्त म्हणतो. आणि छातीत जळजळले, मळमळले, घाम फुटला, तरी निदान ठरलेलेच: ‘काही नाही हो, पित्त झालंय.’

आता शेजार पाहा. हृदय ज्या श्वासपटलावर टेकलेले असते, त्याच पडद्याच्या खाली डावीकडे जठर. एकाची कळ दुसऱ्याची वाटावी, यात नवल काय? शिवाय हृदयाच्या आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूच्या संवेदना मज्जारज्जूत जवळजवळ एकाच दाराने शिरतात. म्हणून दुखते हृदय आणि माणूस चोळतो हात. कधी जबडा दुखतो, कधी पाठ. बायकांत तर पुष्कळदा छातीत कळ न येता नुसती धाप, मळमळ आणि विलक्षण थकवा एवढेच दिसते. सणाच्या दिवसांत दिवसभर शेगडीपुढे उभी राहिलेली घरची बाई थकवा वाटला म्हणून डॉक्टरकडे जाईल, हे मला तरी खरे वाटत नाही. ती आल्याचा रस घेईल आणि पुढचा घाणा तळायला घेईल.

हृदयाच्या पोकळ्या रक्ताने भरलेल्या असल्या, तरी त्याच्या स्नायूला स्वतःचे रक्त वेगळ्या बारीक धमन्यांतून मिळते. त्यांतली एक तुंबली की अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू मरू लागतो. म्हणून अशी कळ आली आणि दहा-पंधरा मिनिटांत ओसरली नाही, किंवा जोडीला घाम, धाप, घेरी असली, तर ओव्याची पुरचुंडी शोधत बसू नये. १०८ क्रमांक फिरवावा. माणसाला जिने उतरवत चालवू नये, आणि स्वतः गाडी चालवू तर मुळीच देऊ नये. रुग्णालयात कार्डिओग्राम काढायला पाच-दहा मिनिटे लागतात. पहिला कार्डिओग्राम सरळ आला तरी लगेच घरी निघू नये. डॉक्टर थोड्या वेळाने दुसरा काढतात, रक्तही तपासतात, कारण पहिल्यात कधीकधी काहीच उमटलेले नसते.