तोच चेहरा आणि तीच व्यक्ती : यंत्रनिर्मित चित्रांच्या निमित्ताने

साहित्यकृतीतील पात्रांची चित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून करवून घेण्याचा प्रघात आता महाविद्यालयीन प्रकल्पांपर्यंत पोहोचू लागला आहे. या साधनांविषयीची एक नेहमीची तक्रार अशी की, एकाच पात्राची दहा चित्रे मागितली तर दहा निराळी माणसे समोर येतात. हा निव्वळ तांत्रिक दोष मानला जातो. वस्तुतः ‘तेच पात्र’ म्हणजे काय, हा व्यक्तिचित्रणाच्या मीमांसेतील जुनाच प्रश्न त्यात दडलेला आहे, आणि यंत्राने दिलेले त्याचे उत्तर साहित्याच्या अभ्यासकाने तपासून घेतले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

यातील बहुतेक साधने प्रत्येक चित्राचा आरंभ अर्थहीन ठिपक्यांच्या गोंधळातून करतात आणि शब्दांच्या अनुरोधाने टप्प्याटप्प्याने त्यातून आकृती काढतात. आधीच्या चित्राची स्मृती या प्रक्रियेत आपोआप उतरत नाही. ‘नऊवारी नेसलेली कोकणातील स्त्री’ या शब्दांनी एक स्त्री सूचित होत नाही; तशा असंख्य संभाव्य स्त्रियांपैकी कोणतीही एक हाती लागते. यावर उपाय निघाले. 2022 मधील ‘ड्रीमबूथ’ या पद्धतीने तीन ते पाच छायाचित्रांवरून विशिष्ट व्यक्ती प्रणालीला शिकविता येऊ लागली. 2024 मध्ये ‘मिडजर्नी’ने संदर्भचित्र देऊन पात्र कायम राखण्याची सोय केली. तेव्हापासून ही साधने अधिकच कुशल झाली आहेत. मात्र या सर्व उपायांमागील गृहीतक एकच आहे : सातत्य म्हणजे चेहऱ्याचे साम्य.

हे गृहीतक ‘श्यामची आई’ला लावून पाहावे. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या कृतीत पोहायला जायचे टाळून लपून बसणाऱ्या श्यामला शिंपटीने मारणारी आई आहे. आणि अंघोळीनंतर त्याच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून धोंड्यावर स्वतःचा पदर पसरणारीही तीच आहे. कर्जाने व आजाराने खंगत गेलेली शेवटची आईही तीच. वाचकाला या तीन निराळ्या स्त्रिया क्षणभरही वाटत नाहीत. का? मारणाऱ्या हातामागे आणि पसरलेल्या पदरामागे एकच आग्रह आहे, हे निवेदनातून त्याला उमगलेले असते. तिचे एकत्व प्रसंगाप्रसंगांतून घडत जाते. ते आधी ठरवून दिलेले नसते. यंत्राला केवळ शब्द दिले, तर शिंपटीवाली आणि पदरवाली या दोन अनोळखी स्त्रिया होण्याचा संभव फार. संदर्भचित्र दिले, तर संदर्भातील तोच सौम्य भाव मारतानाच्या चेहऱ्यावरही रेंगाळू शकतो. पहिला दोष निदान दिसतो तरी. दुसरा यश म्हणून स्वीकारला जातो, आणि म्हणूनच तो अधिक घातक होय.

आपल्या मूर्तिपरंपरेने सातत्याचा प्रश्न चेहऱ्यावर कधी सोपविलाच नव्हता. कटेवर कर ठेवून विटेवर उभा असलेला विठ्ठल कोणत्याही गावच्या देवळात ओळखू येतो, मुखाची ठेवण कितीही वेगळी असो. तेथे ओळख लक्षणांची आहे.

चित्रपटानेही पात्राला एक चेहरा बहाल केलाच, असा आक्षेप येथे कोणी घेईल. आचार्य अत्रे यांच्या 1953 च्या चित्रपटातील वनमालाबाई अनेकांच्या मनात श्यामची आई होऊन बसल्या, हे खरेच. परंतु अभिनेत्री ही संहितेची एक वाचक असते. प्रत्येक प्रसंगाचा तिने लावलेला अर्थ तिच्या मुद्रेत उतरतो, आणि त्याच्याशी वाद घालता येतो. 2023 साली याच कृतीवर आलेल्या चित्रपटात आईच्या भूमिकेत दुसरी अभिनेत्री होती. संदर्भचित्रातील चेहऱ्यामागे असे वाचन नसते. तो कशावरून निवडला, हे बहुधा निवडणाऱ्यालाही सांगता येत नाही.

अशा चित्रांवर बंदी घालावी, असे येथे सुचवायचे नाही. ती घालून उपयोगही नाही. प्रकल्पात यंत्रनिर्मित चित्र जोडणाऱ्या विद्यार्थ्याने त्या चित्रातील प्रत्येक तपशिलासमोर संहितेतील आधाराचे वाक्य लिहावे, एवढी अट शिक्षकांना घालता येईल. लुगड्यासमोर, शिंपटीसमोर काही ना काही लिहिले जाईल. चेहऱ्यापुढची जागा किती प्रकल्पांत कोरी राहते, ते मात्र पाहावे आणि वर्गातील चर्चा तेथून सुरू करावी.